कुंकू लागलेला आकडा

मला वाचवलं ते आमच्या गल्लीतल्या हिसाबाच्या मौलवीसाबांनी. हे आधीच लिहून टाकतो. पुढं जे लिहिणार आहे त्यात मला फारसं कुणाचं बरं बोलायचं नाही, आणि रागाच्या भरात एवढं राहून गेलं तर माझ्यासारखा बेइमान मीच. सरकारी उर्दू शाळेत ते गणित शिकवायचे. माणूस गोड होता अशातला भाग नाही. त्यांनी मला जितक्यांदा गधा म्हटलं तितक्यांदा माझ्या बापानंही म्हटलं नव्हतं, आणि बाप काही कमी तोंडाचा नव्हता. पण सगळी गल्ली मला चोर म्हणत होती तेव्हा गधा म्हणणारा हा एकच माणूस होता. या दोन शब्दांत किती अंतर आहे ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं.

मी उदगीरकडचा. मुलूख तोच निजामाचा, नाणं तेच, तरी औरंगाबादेत उतरलो तेव्हा परक्या राज्यात आल्यासारखंच झालं. शाळा चौथीत सुटली होती. चौथीपर्यंत आमच्याकडं मराठी चालायचं, पुढचं सगळं उर्दूतून. मास्तर म्हणाले, पुढं शिकायचं तर अलिफ-बे पासून धर. बाप म्हणाला, त्यापरीस बैलाचा कासरा धर. कासरा धरला. मिसरूड फुटेपर्यंत दुसऱ्याच्या रानात राबलो, मग एका गाववाल्याच्या ओळखीनं आगगाडीत बसलो. हा गाववाला गुलमंडीच्या मागल्या बोळात शेटजींच्या मशरूच्या कारखान्यात विणकर होता. त्यानं शब्द टाकला आणि मला तिथं काम लागलं.

मशरू म्हणजे वरून रेशीम आणि अंगाच्या बाजूनं सूत असं कापड. त्यातले उभे दोरे रेशमाचे. त्या उभ्या दोऱ्यांना मिळून ताणा म्हणायचं, आणि ताणा लावायचं काम माझं. कारखान्यामागं लांबलचक अंगण होतं. अंगणाच्या दोन टोकांना दगडात पक्क्या गाडलेल्या खुंट्या. दोरा घेऊन एका खुंटीपासून निघायचं, दुसरीला वळसा घालायचा, परत यायचं. दिवसभर हेच. खुंट्यांमधलं अंतर पंचावन्न हात. शेटजींच्या आज्यानं त्या गाडल्या, तेव्हापासून त्या जागच्या हलल्या नव्हत्या. म्हणून आमच्या कारखान्यातला कुठलाही ताणा असो, दोरे कमी असोत की जास्ती, लांबी पंचावन्न हातच.

"उदगीऱ्या, तुमच्यात रेशीम पाहिलंय का रं कुणी? का कांबळ्यातच जन्म अन् कांबळ्यातच मरण?" हे मागावरचे विणकर, पहिल्याच दिवशी. पुढं पुढं नुसतं "ए कांबळ्या". जरा पाय थांबला की, "वेरूळच्या दगडावानी उभा काय ऱ्हायला? चाल!" माझी बोली त्यांना गावंढळ वाटायची. स्वतः काय लई नाजूक बोलत होते? पण गर्दी त्यांची होती. खाणावळीत मी बसलो की शेजारचा ताट घेऊन सरकायचा. मी घाबरट माणूस. दोरा तुटंल, गाठ दिसंल, मालक बघंल, असं सारखं वाटत राहायचं. एकदा मोजलेले दोरे पुन्हा मोजायचो. त्यावरही हसायचे.

एक दिवस मी मौलवीसाबांना गाठलं होतं. त्यांचं घर कारखान्याच्या समोरच. म्हटलं, मला उर्दू आकडे नि अक्षरं शिकवाल का? ते म्हणाले, "चौथी छोड़ा ना तू? जिसने छोड़ा उसने छोड़ा. जा, अपना धागा पकड़." आणि दार लावून घेतलं. तेव्हा मी त्यांनाही मनातल्या मनात शिव्या दिल्या. इथं खोटं कशाला लिहू.

आता शेटजींच्या घरची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच आलं. शेटजींना एकच लेक, म्हणून जावई घरातच ठेवला होता. रेशमाच्या कोठीचा कारभार त्याच्याकडं. तोंडावर सगळे त्याला जावईबापू म्हणायचे. मागं काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही. नवा ताणा लागला की त्यात किती रेशीम गेलं ते काढायचं. दोऱ्यांची संख्या गुणिले पंचावन्न हात. जावईबापू कोठीत बसून पाटीवर हा गुणाकार करायचा आणि मग नवाचा ताळा घ्यायचा. ताळा म्हणजे आकड्यातले सगळे अंक एकमेकांत मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत मिळवत जायचे. गुणाकाराच्या दोन्ही आकड्यांचे असे अंक काढून त्यांचा गुणाकार करायचा, आणि तो उत्तराच्या अंकाशी जुळला की गणित बरोबर. जुनी रीत आहे. मलाही शाळेत हीच शिकवली होती.

ताळा जुळला की जावईबापू ते उत्तर कोठीच्या आतल्या भिंतीवर कोळशानं लिहायचा, खाली ताळ्याचा अंक. शेटजी आंघोळ करून यायचे, पुन्हा एकदा भिंतीवरच्या आकड्याचे अंक मिळवून बघायचे आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकायचे. मग पाटी पुसायची. कुंकू लागलेला आकडा पुन्हा मांडायचा नाही, असा त्या घराचा नेम. मांडला तर लक्ष्मीवर संशय घेतल्यासारखं होतं म्हणे. आम्हा कामकऱ्यांना कोठीत पाय ठेवायची मनाई, त्यामुळं भिंतीवर काय लिहिलंय ते आम्हाला ठाऊक नसायचं.

त्या सालचा सगळ्यात मोठा ताणा मी लावला होता. एकतीसशे छत्तीस दोरे. कापड विणून, कापून हैदराबादेला रवानाही झालं. दसऱ्याआधी कोठी मोजायची वहिवाट होती. भिंतीवरच्या आकड्यांप्रमाणं एवढं रेशीम खर्ची पडलं, तर एवढं शिल्लक असायला पाहिजे. मोजलं, तर पंचेचाळीस लड्या कमी. आमच्या चरख्यावर लडी हजार हातांची भरायची. म्हणजे पंचेचाळीस हजार हात रेशीम हवेत गेलं.

सगळ्यांना अंगणात उभं केलं. मागावरच्या म्हाताऱ्यांच्यासुद्धा कमरा चाचपल्या. माझी वळकटी खुंटीपाशी झटकली. आत काय निघणार? एक घोंगडी, एक बंडी. घोंगडी बघून कुणीतरी खिदळलं.

"पंचेचाळीस लड्या," जावईबापू म्हणाला. "पाखरानं नेल्या का रं, उदगीऱ्या?"

"मला काय ठाव?"

"सगळ्यात जास्ती रेशीम कुणाच्या हातातून गेलं?"

"माझ्या. पर ताण्यातच गेलं की ते."

"ताण्यात एक लाख सत्तावीस हजार चारशे ऐंशी हात गेलं. भिंतीवर हाय. त्याच्या वरचं कुठं गेलं ते सांग."

तो आकडा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गणितात मी काही हुशार नव्हतो, पण पंचावन्नानं गुणायची सवय चालून चालून पायाला लागली होती. मी म्हटलं, "मालक, दोरे एकतीसशे छत्तीस होते. पुन्यांदा गुणून बघा की."

"दोरे मोजले कुणी?" शेटजींनी विचारलं.

"म्या."

"वा! चोर बी हाच, साक्षीदार बी हाच!" जावईबापूनं टाळी दिल्यासारखा हात उडवला. लोक हसले.

"मग तुमी किती धरले व्हते, जावईबापू? तेवढं तरी सांगा."

"कुणाला याद ऱ्हातं? पाटी पुसली. ताळा चार आला, जुळला, कुंकू लागलं. आता काय, लगीन लागलेल्या नवरदेवाला पुन्हा बोहल्यावर चढवू?"

पुन्हा हसणं. शेटजी मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, जसं फाटलेल्या कापडाकडं बघतात. म्हणाले, "उद्या दुपारच्या आत रेशीम आणून ठेव. नाहीतर चौकीवर देतो."

मी माझ्या गाववाल्याकडं बघितलं. तो माझ्या बाजूनं शब्द टाकेल असं वाटलं होतं. त्यानं मान फिरवली आणि शेजाऱ्याला म्हणाला, तेही मला ऐकू जाईल असं, "गावचा हाय म्हून आणला. कुणाच्या पोटात काय हाय, मी काय आत शिरून बघितलंय?"

चौकीची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. चोर म्हणून शिक्का बसला की तो आगगाडीच्या आधी गावात पोचतो. आईनं कुठल्या पाणवठ्यावर जायचं? आणि माझ्यामागून पोट भरायला निघालेल्या आमच्याकडच्या पोरांना या शहरात कोण उभं करणार? "उदगीरचा का? मग नको," एवढ्यात सगळं संपतं.

मी कारखान्यातून बाहेर पडलो आणि समोरच्या पायरीवर बसलो. ती मौलवीसाबांची पायरी, हे ध्यानातच नव्हतं. शाळा सुटून ते आले.

"उठ. मेरी सीढ़ी है, तेरे बाप का चबूतरा नक्को समझ."

उठलो.

"रोता कायकू है?"

"चोर म्हणत्यात."

"है क्या?"

"न्हाय."

"तो खड़े खड़े रो. सीढ़ी छोड़."

मी बाजूला झालो. ते कुलपात किल्ली घालत होते. पाठमोरेच म्हणाले, "क्या गया?"

"पंचेचाळीस लड्या."

किल्ली थांबली. "लड़ी कितने की?"

"हजार हातांची."

"पैंतालीस हज़ार. पूरे? ऊपर-नीचे कुछ नहीं?"

"न्हाय. पूरे."

ते वळले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, पण माया वगैरे काही नव्हती त्यात. पोरानं चुकीचं उत्तर काढल्यावर मास्तर बघतो तसं बघितलं. "चोर कभी नौ का पहाड़ा गिन के चोरी करता क्या रे, गधे? पाँच नवे पैंतालीस. ये चोरी नहीं, ये आंकड़ा उलटा पड़ा है. दीवार पे क्या लिखा है?"

मी भिंतीवरचा आकडा सांगितला, आणि माझे दोरेही. त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि स्वतःच्याच दारावर लिहिला, मराठी अंकात, माझ्यासाठी. १,२७,४८०. त्याच्याखाली दुसरा, १,७२,४८०.

"कोई भी दो अंक लेके उलट. एक्याण्णव, एकोणीस. त्र्याऐंशी, अडतीस. फर्क निकाल."

एक्याण्णवातून एकोणीस गेले, बहात्तर. त्र्याऐंशीतून अडतीस गेले, पंचेचाळीस. प्रत्येक वेळी नवाच्या पाढ्यातलंच उत्तर. मग मी दारावरचे अंक घेतले. बहात्तरातून सत्तावीस गेले, पंचेचाळीस. ते दोन अंक हजारांच्या घरात बसले होते, म्हणून पंचेचाळीस हजार.

"हम लोगां बोलते कैसा? बहात्तर. बोलने में दो पहले, सत्तर पीछे. तेरे दामादसाब ने मुँह से बहात्तर बोला और हाथ से दो पहले लिख मारा. पाटी पे सही था, दीवार पे उलटा. और ताला? ताला तो अंधा है. अंकों की जमा करता है बस. सात आगे खड़ा कि पीछे, जमा वहीच."

मी मिळवून बघितलं. दोन्ही आकड्यांची बेरीज बावीस, दोन्हींचा ताळा चार. शेटजींनी भिंतीवरचा आकडा पुन्हा मिळवला तरी त्यांना चारच मिळणार होते. कुंकू लावताना त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि तरी आकडा खोटा होता.

"मग मी जाऊन सांगतो, की उलटं लिहिलं म्हून!" मी निघालोच.

खडू माझ्या कपाळावर येऊन आदळला. "ठैर! किसने माना तेरा? धागे तेरे मुँह के. तेरे आंकड़े को कौन पूछता? अपना आंकड़ा साबित मत कर. उनका आंकड़ा तोड़." मग खालच्या आवाजात, "ऐसी कौनसी चीज़ है जो तू भी मानता और वो भी मानते?"

मी विचार केला. माझं नाव, माझं गाव, माझे दोरे, यातलं त्यांना काहीच मान्य नव्हतं. "खुंट्या," मी म्हटलं. "पंचावन्न हात. ते तर दगडात हाय."

"पचपन में ग्यारह है कि नहीं?"

"अकरा पंचे पंचावन्न."

"तो धागे सौ रहो, हज़ार रहो, तू झूठा रह कि सच्चा रह, दीवार का हर आंकड़ा ग्यारह से कटना. नहीं कटा तो वो आंकड़ा तेरे अंगन में पैदाच नहीं हुआ."

अकराची परीक्षा त्यांनी तिथंच शिकवली. एक सोडून एक अंक मिळवायचे, उरलेले वेगळे मिळवायचे. दोन्ही बेरजा सारख्या आल्या, नाहीतर त्यांच्यातला फरक अकराच्या पाढ्यात आला, तर आकड्याला अकरानं भाग जातो. एरवी जात नाही. नवाच्या ताळ्याला अंकाची जागा दिसत नाही, हिला दिसते. भिंतीवरच्या आकड्यात एक, सात, आठ मिळून सोळा. दोन, चार, शून्य मिळून सहा. फरक दहा. भाग जात नाही. खालच्या आकड्यात एक, दोन, आठ मिळून अकरा. सात, चार, शून्य मिळून अकरा. अकरा आणि अकरा. मी ते दोन अकरे बघतच राहिलो. इतक्या लोकांत माझ्या बाजूनं कुणी बोललं नव्हतं, आणि अंकांचे हे दोन जथे एकमेकांसमोर सारखे उभे राहिले होते.

मी दोनदा चुकलो. दोन्ही वेळा गधा. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा त्यांनी हातानं दार पुसलं, म्हणाले, "मैं नहीं आऊँगा. झगड़ा तेरा है," आणि आत गेले. पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळे जमले होते. तमाशा कोण सोडतो? शेटजी ओसरीवर बसले होते. कोठीचं दार मागं उघडं होतं. मी म्हटलं, "मालक, कुंकवाला हात लावू नका. गुणाकार पुन्यांदा मांडू नका. फकस्त एक भागाकार करा. भिंतीवरच्या आकड्याला पंचावन्नानं भागा. किती दोरे येतात ते मला सांगा."

"मांडणं ते मांडणंच," जावईबापू म्हणाला. "गुणाकार काय अन् भागाकार काय. मामंजी, ह्यो येळ काढतोय."

"कोण शिकवलं तुला हे?" शेटजींनी मला विचारलं.

मी नाव घेऊ की नको या घोरात होतो, तेवढ्यात फाटकातून आवाज आला. "मैंने!" मौलवीसाब शाळेला निघाले होते, डोक्यावर टोपी, काखेत छत्री. येणार नाही म्हणाले होते ते. फाटकाच्या आत आले नाहीत, उंबऱ्यावरच उभे राहिले. "इसके वास्ते नहीं आया मैं. ये तो गधा है. पर गलत आंकड़ा मेरे घर के सामने की दीवार पे है, तो मेरी नींद खराब होती."

"मौलवीसाब, शाळा तिकडं हाय," जावईबापूनं हात केला.

"मालूम है. कल से तुम भी आया करो."

एक विणकर फुसकन हसला. शेटजींचे कान लाल झाले. माणूस घमेंडखोर होता, पण हिशेबाला भिणारा नव्हता. त्यांनी पाटी मागितली. जावईबापू म्हणाला, "मामंजी, नेम मोडतोय." शेटजी म्हणाले, "भागाकाराचा नेम माझ्या आज्यानं सांगितला न्हाई."

आधी त्यांनी भिंतीवरचा दुसरा एक आकडा घेतला, १,०७,८००. तो कुणा दुसऱ्याच्या ताण्याचा होता. पंचावन्नानं भागला, बाकी शून्य, दोरे एकोणीसशे साठ. मग माझा आकडा घेतला. पाटीवर खडू कुरकुरत होता. मौलवीसाबांचंच चुकलं असलं तर? मीच आकडा चुकीचा सांगितला असला तर? चौकीपर्यंत किती लोक मागं येतील, हेसुद्धा मनात येऊन गेलं.

"तेवीसशे सतरा," शेटजी म्हणाले, आणि थांबले. पुन्हा वजाबाकी तपासली. "बाकी पंचेचाळीस."

"मतलब तेईस सौ सत्रह धागे पूरे," उंबऱ्यावरून मौलवीसाब म्हणाले, "और एक धागा पैंतालीस हाथ का. शेटजी, खुंटी पचपन पे है. वो एक धागा दस हाथ पहले किसको पकड़ के खड़ा था? हवा को?"

या वेळी एक नाही, बरेच हसले. हेच ते लोक, काल माझ्यावर हसणारे. हसणं त्यांना कुठलंही चालतं. जावईबापूचा चेहरा उतरला. आतल्या दाराच्या फटीत शेटजींची लेक उभी होती. शेटजींनी एकदा तिकडं बघितलं, एकदा पाटीकडं. मग बोटानं पाटीवरचे दोन आणि सात पुसले, उलटे लिहिले, आणि पुन्हा भागाकार केला. बाकी शून्य. उत्तर मोठ्यानं वाचलं नाही, पण ओठ हलले. एकतीसशे छत्तीस. माझे दोरे. मी चालून चालून घातलेले.

मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. पाया पडण्याची तयारी माझीच होती. त्यांनी नुसतं "बरं झालं" म्हटलं असतं तरी मी पडलो असतो. शेटजी उठले, कोठीत गेले, भिंतीवरच्या आकड्यावर एक गोणपाट टांगलं. कुंकू पुसलं नाही, आकडा दुरुस्त केला नाही. बाहेर येऊन मला म्हणाले, "बघतोस काय? ताणा अर्धा पडलाय."

एवढंच. मी जाऊन दोरा हातात घेतला. पहिल्याच फेरीत तो तुटला.

चौकी टळली. गावी निरोप गेला नाही. पण गल्लीत माझं नाव पडलं, "सुटलेला". "त्यो बघ, सुटला त्यो." मला सांगा, सुटतो कोण? चोरच ना? ज्यानं चोरी केली नाही तो सुटेल कशाला? हे मी एकदा गाववाल्याला म्हणालो, तर तो म्हणाला, "लई गणित झाडू नको. जीव वाचला ना?" विणकर माझ्यापासून जास्तीच लांब बसू लागले. आधी मी गावंढळ होतो, आता वरून खतरनाक. जावईबापू माझ्याशी बोलायचा बंद झाला. लडी द्यायची तर पायानं सरकवायचा. मी रोज भाकरी खाताना विचार करायचो की हे शहर सोडावं, आणि रोज न सोडता झोपायचो.

मग मौलवीसाबांची बदली झाली. कुठं? बिदर जिल्ह्यात, थेट उदगीरला. जावईबापू मागाजवळ उभा राहून मला ऐकू जाईल असं सांगत होता, "उदगीऱ्याची लई वकिली केली. आता उदगीरच्याच पोरांना शिकव म्हणावं." वरच्या कचेरीत शेटजींचा कुणी सोयरा होता, असं लोक बोलायचे. खरं काय ते मला माहीत नाही. कुणावर खोटा आळ घेणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी ते शपथेवर लिहीत नाही. पण जावईबापूचं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मौलवीसाब त्याच घरात जन्मले होते. या शहराबाहेर ते कधी राहिले नव्हते. टांगा आला तेव्हा मी धावत गेलो आणि त्यांची ट्रंक उचलायला वाकलो.

"हाथ मत लगा."

"मौलवीसाब, माझ्यापायी..."

"तेरे पायी कुछ नहीं. बड़ा आया. सरकारी नौकरी है, बदली होती." टांग्यात बसले. मग म्हणाले, "उदगीर में पानी कैसा है?"

"गोड हाय," मी म्हटलं. "लोक जरा..."

"लोगां सब जगह वहीच हैं," ते म्हणाले, आणि टांगेवाल्याला निघायला सांगितलं.

परवा आमच्याकडचा एक माणूस आला होता. तो सांगत होता, तिथं एक औरंगाबादी मास्तर आलाय, पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करतात. घर कुणी देईना, सराईत राहतो, स्वतःच्या हातानं खिचडी शिजवतो आणि ती रोज करपते. तो माणूस हे हसत हसत सांगत होता. मी त्याच्या हातातला पाण्याचा गडू काढून घेतला आणि त्याला बाहेर घालवलं. माझ्या आयुष्यात कुणाला घालवून द्यायची ही पहिलीच वेळ.

मी आईला निरोप धाडलाय, की सराईत जाऊन त्यांना विचार, त्यांच्यासाठी घर बघ. ती जाईल की नाही, माहीत नाही. गेली तरी ते तिला गधी म्हणायला कमी करणार नाहीत, आणि ती ऐकून घेणारी नाही. या विचारानंच मला घोर लागतो. मौलवीसाब, तुम्ही माझ्यासाठी आला नव्हता, असं तुम्ही चारचौघांत सांगितलं. तसंच असेल. पण आज तुम्ही जे भोगताय ते माझ्या वाट्याचं आहे. मी तिकडं येईन. तुम्ही नको म्हटलं तरी तुमची ट्रंक माझ्या डोक्यावर घेईन आणि इथल्या तुमच्या घरापर्यंत आणून ठेवीन. हे कसं जमणार, आज मला सांगता येत नाही. माझ्या हातात काय आहे? पण एक दिवस हे फेडीन. फेडल्याशिवाय मरणार नाही.